धक्क्यावरून म्हाकूल, खडपावरून तांबोशी: किनाऱ्यावरून गरवण्याचं सविस्तर मार्गदर्शन

"रॉड कोणता घेऊ?" हा नव्या गरीवाल्याचा, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्याचा, पहिला प्रश्न असतो. माझ्या मते तो शेवटी विचारायचा. आधी विचारायचं ते पाणी कसं आहे, भरती किती वाजता आहे आणि त्या जागी कोणता मासा फिरतो. महागडा रॉड घेऊन चुकीच्या वेळी धक्क्यावर उभा राहिलेला माणूस रिकाम्या हाताने घरी जातो. त्याच धक्क्यावर बाटलीला तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळून बसलेला म्हातारा मात्र संध्याकाळच्या कालवणाची सोय करून उठतो. म्हणून हा लेख सामानापासून नाही, पाण्यापासून सुरू होतो.

पाणी ओळखणं

आपल्या किनाऱ्याचे गरीच्या दृष्टीने ढोबळ दोन भाग पडतात. डहाणूपासून रायगडापर्यंत खाड्यांचा गाळ आणि भरती-ओहोटीचा जोर यामुळे पाणी बहुतेक काळ चहासारखं गढूळ असतं. रत्नागिरीच्या खाली, विशेषतः देवगड, मालवण, वेंगुर्ला आणि पुढे गोव्यात, पावसाळा सरून समुद्र निवला की पाणी स्वच्छ होऊ लागतं. म्हाकूल (स्क्विड) डोळ्यांनी शिकार करतं, त्याला दिसलं नाही तर ते येत नाही. त्यामुळे किनाऱ्यावरून म्हाकूल गरवायचं असेल तर साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि दक्षिण कोकण-गोव्याचा पट्टा धरावा. मुंबईच्या आसपासच्या धक्क्यांवर रंगीत जिग (म्हाकुलासाठीचं कृत्रिम आमिष) फेकत बसण्यापेक्षा वासाचं आमिष लावून शिंगाळा, जिताडा, करकरा यांच्या मागे लागणं शहाणपणाचं.

पाणी पारखायची सोपी रीत आहे. तंगुसाला पांढरा शिंपला किंवा पांढऱ्या प्लास्टिकचा तुकडा आणि थोडं शिसं बांधून खाली सोडा. हाताभरावरच तो दिसेनासा झाला तर त्या दिवशी म्हाकुलाचा नाद सोडा. दीड-दोन मीटर खोलीपर्यंत दिसत राहिला तर जिग बाहेर काढा.

दुसरी खूण धक्क्याच्या कठड्यावर असते. काँक्रीटवर वाळलेले काळे शिंतोडे दिसले तर तिथे कुणीतरी म्हाकूल वर काढलेलं आहे. शाई सहजासहजी निघत नाही. नव्या बंदरावर गेलात की पाण्यात बघण्याआधी कठड्यावर बघा. शिंतोडे जिथे दाट, तिथेच उभं राहायचं.

भरती कधी, किती

मोबाईलवर भरतीची वेळ मिळते हे खरं, पण तिथीचा हिशेब यायलाच हवा, कारण खडपावर (किनाऱ्याच्या खडकांवर) रेंज असेलच असं नाही. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट, म्हणजे तीनच्या सुमारास. अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमेला आणि अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी, आणि मधोमध ओहोटी. रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. हा हिशेब मुंबईला बऱ्यापैकी लागू पडतो. मालवण-वेंगुर्ल्याकडे भरती थोडी आधी लागते. तेव्हा एकदा तिथल्या धक्क्यावर घड्याळ लावून फरक पाहून ठेवावा.

वेळेइतकंच महत्त्व पाण्याच्या चढ-उताराला. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, मुंबईत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो, मालवण-गोव्याकडे तो जवळपास निम्मा असतो. उधाणात प्रवाह इतका ओढतो की हलकी जिग तळाला पोचतच नाही आणि जड शिसंही घसरत जातं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे सप्तमी-अष्टमी-नवमीला, पाणी फारच आळसावतं. मला मधले दिवस आवडतात: तृतीया ते षष्ठी, आणि द्वादशी-त्रयोदशी. पाणी वाहतं, पण आपल्याला काम करू देतं.

ढोबळ नियम असा: धक्क्यावर आणि खडपावर पूर्ण भरतीच्या आधीचे दोन तास आणि ओहोटी लागल्यानंतरचा पहिला तास. खाडीच्या मुखावर मात्र उलट. तिथे सुकतीचं (ओहोटीचं) पाणी कोळंबी, खुरबुटी आणि पिल्लं बाहेर घेऊन येतं, म्हणून मोठा मासा तोंडाशी वाट बघत उभा असतो. त्यात पहाट किंवा दिवेलागण जुळून आली तर सोन्याहून पिवळं.

जागा आणि परवानगी

बंदरांचे बरेच धक्के महाराष्ट्र सागरी मंडळाच्या ताब्यात आहेत आणि सगळीकडे गरी टाकता येतेच असं नाही. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या सुटतात. फेरी चालू असताना तिथे तंगूस सोडून बसणं म्हणजे पंख्यात अडकवून घेणं. शिवाय मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तेव्हा किल्ल्याच्या आसपास काय चालतं आणि काय नाही हे वन विभागाच्या माणसाला विचारूनच ठरवावं.

आणि कोळ्यांना, गाबतांना, म्हणजे तिथल्या मच्छीमारांना, विचारावं. ही नुसती रीतभात नाही, त्यात फायदाही आहे. "काका, हयसर गरी टाकली तर चलात मां?" असं विचारलं की "हयसर होडी लागतली, थयसर टाक, थय खडप आसा" असं उत्तर येतं. त्या एका वाक्यात तुम्हाला जागा मिळालेली असते.

१ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी यांत्रिक नौकांसाठी असते, किनाऱ्यावरच्या गरीवाल्यासाठी नाही. तरी त्या दिवसांत उघड्या समुद्राकडे तोंड करून गरवू नका. खाडीच्या आत, लाटेपासून लांब बसा.

म्हाकूल: जिग कशी चालवायची

जिग म्हणजे कोळंबीच्या आकाराचं, कापडाने मढवलेलं आमिष. पोटाखाली शिशाचं पातं, शेपटीला वरच्या दिशेला वळलेल्या काट्यांचे दोन मुकुट. काट्यांना आकडा (मासा सुटू न देणारं उलटं टोक) नसतो, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल. मूळ जपानी, आता सगळीकडे मिळते. तिच्यावर २.५, ३, ३.५ असे क्रमांक असतात. आपल्या धक्क्यांसाठी २.५ आणि ३ पुरेत. ३ क्रमांकाची जिग साधारण नऊ सेंटीमीटर लांब आणि पंधरा ग्रॅमच्या आसपास असते. प्रवाह जास्त असेल तर ३.५. रंगांवर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी एक नारिंगी, एक हिरवट-तपकिरी आणि रात्रीसाठी एक चमकणारी ठेवतो आणि वाद घालत नाही. म्हाकुलाला रंगापेक्षा जिग कोणत्या खोलीवर आहे याचं जास्त पडलेलं असतं.

रॉड आठ फुटांच्या आसपास, हलका, टोकाला मऊ. रीळ २५०० आकाराचं. दोरा विणलेला आणि बारीक, आठ-दहा किलो ताकदीचा. त्याला पुढे दीड-दोन मीटर पारदर्शक फ्लोरोकार्बन. हा पुढचा तुकडा वगळू नका, विणलेला दोरा खडपाला घासला की तुटतो. जिगच्या नाकाशी छोटी क्लिप लावा, जिग बदलायला सोपं जातं.

रिळाचा ड्रॅग (ओढ लागली की दोरा सुटू देणारा ब्रेक) सैल ठेवा. किती सैल? रॉडला जोराचा झटका दिला तर दोरा 'सर्र' करून थोडा सुटला पाहिजे. म्हाकुलाचे हात नाजूक असतात. ड्रॅग घट्ट असला तर जिगवर नुसता तुटलेला सोंडेचा तुकडा येतो.

आता फेक. जिग पाण्यात पडली की रिळाची कडी उघडीच ठेवा आणि मनात आकडे मोजा. साधी जिग एक मीटर बुडायला सुमारे तीन सेकंद घेते. दोरा ढिला पडला की तळ आला. समजा बारा आकडे झाले, तर पाणी चार मीटरच्या आसपास आहे. पुढच्या फेकीला दहावर थांबा, म्हणजे जिग तळापासून हातभर वर राहील आणि खडपात अडकणार नाही. पहिल्या फेकीत तळ मोजायचा आणि नंतर त्याला शिवायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्म्या जिगा वाचतात.

मग रॉड वरच्या दिशेने दोन-तीनदा झटकायचा. मनगटाने, चटचट. पाण्याखाली जिग उसळून डावी-उजवी उडते, बिथरलेल्या कोळंबीसारखी दिसते. यानंतर थांबा. रॉड समोर धरून दोरा किंचित ताणलेला ठेवा आणि जिगला नाक खाली करून बुडू द्या. म्हाकूल झटक्याला लांबून बघतं आणि बुडताना पकडतं. नवखे लोक झटके देत राहतात आणि थांबायचं विसरतात. झटका चार सेकंदांचा, थांबणं दहा सेकंदांचं, असा हिशेब ठेवा.

बुडताना हाताला काही जाणवेलच असं नाही, म्हणून नजर दोऱ्यावर ठेवायची. तो पाण्यात शिरतो तिथे बघा: एकदम टिचकी मारल्यासारखा हलला, बुडता बुडता मध्येच ढिला पडला, किंवा वाऱ्याच्या उलट बाजूला सरकू लागला, तर म्हाकूल आलं आहे. झटका मारू नका. रॉड सावकाश पण ठामपणे वर उचला. जड वाटेल, आणि मग ओढ लागेल, एकेक धक्का देत. म्हाकूल नळीतून पाणी फेकून मागे पळतं, ती ओढ त्याची. तेवढा वेळ दोरा जाऊ द्या. ते थांबलं की एकसारख्या गतीने गुंडाळा. मध्ये ढील दिलीत तर गेलं, कारण काट्यांना आकडा नाही.

ते पृष्ठभागावर आलं की घाई करू नका. दोन-तीन मीटर लांब असतानाच त्याला एक-दोनदा शाई फेकू द्या, नाहीतर ती तुमच्या शर्टावर येईल. उंच धक्क्यावर दोरीला बांधलेली गोल जाळी खाली सोडा आणि ती शेपटीच्या बाजूला धरा. म्हाकूल मागे पळतं, ते आपणहून जाळीत शिरेल. डोक्याच्या बाजूने जाळी आणलीत तर ती बघून ते उलट्या दिशेला सुटेल. वर काढल्यावर नळीचं तोंड स्वतःकडे आणि शेजाऱ्याकडे नको.

एका म्हाकुलामागे बरेचदा दुसरं असतं. सोबत मित्र असेल तर पहिलं वर येत असताना त्याने पाठोपाठ फेकावं.

रात्री धक्क्याच्या दिव्याखाली छोटी मासळी जमते आणि तिच्यामागे म्हाकूल येतं, पण ते उजेडात उभं राहत नाही. उजेड आणि काळोख जिथे भेटतात त्या कडेला, सावलीच्या बाजूने दबा धरतं. जिग काळोखात टाकून उजेडाच्या कडेपर्यंत आणा. अमावास्येच्या आसपास हे चांगलं जमतं, पौर्णिमेला चांदण्यात म्हाकूल सगळीकडे पांगतं. धक्क्याचा दिवा आयता आहे म्हणून ठीक. स्वतःचे मोठे दिवे घेऊन जाऊ नका. होड्यांच्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली आहे आणि पारंपरिक मच्छीमारांना त्या उजेडाची चीड का आहे हे मालवणात कुणालाही विचारा.

कधी कधी म्हाकुलाऐवजी त्याचं रुंद, जाड भावंड लागतं, ज्याच्या पाठीत समुद्रफेस असतो. ते तळाशी राहतं, ओढत नाही, ओल्या गोणपाटासारखं वर येतं, पण शाई दुप्पट फेकतं. चव उत्तम.

हातगरी: मासे

माशांसाठी सामान साधं असलं तरी चालतं. तंगूस ०.४० ते ०.५० मिलीमीटर, जिताडा-तांबोशीची जागा असेल तर ०.६०. तो लाकडी चौकटीवर किंवा प्लास्टिकच्या बाटलीवर गुंडाळा. बोटाला वळसा देऊन कधीही धरू नका. मोठी तांबोशी खडपाकडे धावली की तंगूस मांसात उतरतो.

मांडणी अशी. भोकाचं शिसं तंगुसावर मोकळं ओवा, प्रवाहाप्रमाणे तीस ते साठ ग्रॅम. त्याखाली एक मणी, मग फिरकी (तंगुसाला पीळ न पडू देणारी फिरती कडी), फिरकीपुढे हात-दीड हात तंगूस आणि गरी. मासा आमिष घेऊन निघाला की तंगूस शिशातून सरकतो, त्याला वजन जाणवत नाही. खडपावर मात्र शिसं ओवू नका. ते फिरकीला बारीक, कच्च्या दोऱ्याने टांगा. अडकलंच तर कच्चा दोरा तुटतो, शिसं जातं, मासा आणि गरी राहते.

आमिषात जिवंत कोळंबीला तोड नाही. पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्याकडून किंवा खाडीवर पहाटे कोळंबी धरणाऱ्या बायकांकडून ती मिळते. बादलीत खाडीचंच पाणी घ्या, नळाचं नको, आणि दर थोड्या वेळाने बदला. गरी शेपटीच्या शेवटच्या पेरातून घाला, किंवा डोक्यावरच्या काट्याखालून, आतला काळा ठिपका चुकवून. तो टोचला की कोळंबी तिथेच मरते. जिवंत नसेल तर पेडव्याचा तिरपा काप, म्हाकुलाची पट्टी, तिसऱ्याचं मांस. म्हाकुलाची पट्टी गरीवर चिवट राहते, छोटे मासे ती सहज चोरू शकत नाहीत.

मासा शोधायचा कुठे? बहुतेक लोक शक्य तितकं लांब फेकतात. धक्क्यावर हे उलट आहे. खांबांना काळवं (खडकाला चिकटणारे शिंपले) लागलेली असतात, त्यांच्याभोवती खेकडे आणि कोळंबी, आणि त्यांच्यासाठी तांबोशी, गोबरा, करकरा. गरी खांबाच्या कडेला सरळ खाली सोडा. तांबोशी आणि गोबरा आमिष घेतल्याबरोबर बिळाकडे वळतात, म्हणून पहिल्या दोन सेकंदांत त्यांना वर खेचावं लागतं. इथे ढील नाही. जिताडा (गोव्यातला चोणक) वेगळा: खाडीच्या मुखाशी, सुकतीला, कोळंबी प्रवाहाबरोबर सोडून द्यायची. तो पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, त्या क्षणी हात (रॉड असेल तर रॉड) खाली करा, म्हणजे तंगूस ताणला जाऊन तुटणार नाही.

पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) मुडदुशी. पहिली लाट फुटते तिच्या अलीकडे जी खोलगट पट्टी असते तिथेच ती चरते, म्हणजे फेक पंधरा-वीस मीटरचीच. गरी बारीक, ८ ते १० क्रमांकाची, सोललेल्या कोळंबीचा नखाएवढा तुकडा. टकटक जाणवली की सावकाश ओढायला लागा. मुलांना शिकवायला याहून चांगला मासा नाही. काळुंदर आणि बोय यांना तरंगणी लावून कणकेची गोळी पुरते, पण धीर लागतो.

छोटं पिल्लू आलं तर सोडा. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला आहे. हात ओला करून पकडा, कोरड्या हाताने खवल्यांवरचा थर निघतो.

जिथे दुखापत होते

शिंगाळ्याच्या पाठीचा आणि दोन्ही बाजूंचा काटा विषारी असतो. पकडीने धरून गरी काढा, किंवा तंगूसच कापा. वागळीला (शेपटीत काटा असलेल्या चपट्या माशाला) शेपटीच्या बाजूने हात लावू नका. काटा लागलाच तर जखम धुऊन सहन होईल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवा. वेदना उतरते. भाजणार नाही याची खात्री दुसऱ्या, न दुखावलेल्या हाताने करा, आणि मग डॉक्टरकडे जाच. फुगणारा केंड गरीला लागला तर तो खायचा नाही. शिजवूनही त्याचं विष जात नाही.

खडपावर माणसं दोन कारणांनी जीव गमावतात: मागून भरती येऊन परतीची वाट बंद होते, किंवा शेवाळावरून पाय घसरतो. खडपावर उतरण्याआधी परतीचा सर्वांत खोल भाग बघून ठेवा आणि तिथे पाणी घोट्याला लागलं की सामान आवरा. मासा लागत असला तरी. पायात चांगले धरणारे बूट हवेत, काळवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. लाईफ जॅकेट घातल्यावर कोणी हसलं तर हसू द्या.

घरी नेईपर्यंत आणि पुढे

मासा लगेच मारून बर्फ आणि समुद्राचं पाणी यांच्या मिश्रणात ठेवा. म्हाकुलाला टोकदार सुरी दोन डोळ्यांच्या मधोमध टोचा. तपकिरी अंग क्षणात पांढरं पडतं, म्हणजे काम झालं. म्हाकूल थेट बर्फावर नको. वितळलेलं गोडं पाणी लागलं की त्याची चव उतरते. पिशवीत बांधून मग बर्फात ठेवा.

साफ करताना डोकं धरून ओढलं की आतडी आणि शाईची पिशवी एकत्र बाहेर येते. पिशवी फुटू देऊ नका. पाठीच्या आतून काचेसारखी पारदर्शक पट्टी काढा, कातडी सोला, तोंडातली कठीण चोच दाबून बाहेर काढा. मग कांदा, ओलं खोबरं, मसाला आणि कोकम यांचं सुकं आधी पूर्ण शिजवून घ्या आणि म्हाकुलाच्या चकत्या अगदी शेवटी टाका. दोन-तीन मिनिटं, बस. त्यापुढे गेलात तर ते रबर होतं, आणि मग ते परत मऊ करायला पाऊण तास मंद आचेवर ठेवण्यावाचून इलाज नाही.

धक्क्यावरून निघताना तुटलेला तंगूस खिशात घाला, कारण तो पक्ष्यांच्या आणि कासवांच्या अंगाला गुंडाळतो. शाईवर दोन बादल्या समुद्राचं पाणी ओता, ओली आहे तोवरच. वाळली तर पुढच्या माणसाला तुमची जागा कळेल.